अकरा अर्गन, एक शेळी आणि माझा बांबू

मित्राच्या आईच्या झाडाला मी सकाळी साडेसहा वाजता बांबूने झोडपलं. झाड फळांनी लगडलेलं होतं, फळं कच्ची होती आणि झोडप असं मला कोणीही सांगितलेलं नव्हतं.

एवढं लिहिलं की खरं तर प्रवासवर्णन संपतं. पण टेक्ससमधल्या फ्रिस्कोहून ॲरिझोनापर्यंत दोन दिवस गाडी हाकलेला माणूस दोन वाक्यांवर थांबत नाही. शिवाय गणपतीत मंडळातल्या ज्यांना ज्यांना ही हकीकत सांगितली, त्यांनी ती पुढे इतक्या आपुलकीने वाढवली की हल्ली तिच्यात मी झाड मुळासकट उपटलेलं असतं. म्हणून हे लेखी.

सुरुवात २००६ च्या जूनमध्ये एका ईमेलने झाली. एका काटेरी झाडाच्या फांद्यांवर दहा-बारा शेळ्या उभ्या आहेत, असा फोटो ऑफिसभर फिरत होता. मी अख्ख्या ऑफिसला उलट टपाली कळवलं की फोटो बनावट आहे, सावल्या नीट पाहा. मी मूळचा नगर जिल्ह्यातला. शेळ्यांबद्दल मला कोणी शिकवू नये अशी माझी समजूत होती.

पाच मिनिटांत शेजारच्या क्युबिकलमधून ब्राहिम उठून आला. ब्राहिम टेस्टिंगमध्ये आहे. माझ्या चुका शोधणं हे त्याच्या पोटापाण्याचं साधन, त्यामुळे आमची मैत्री घट्ट.

"फोटो खरा आहे," तो म्हणाला. "हे अर्गनचं झाड. मोरोक्कोत आमच्या डोंगरात असतं. फळ खायला शेळ्या वर चढतात. बियांचं आम्ही तेल काढतो."

ब्राहिम बर्बर. तो स्वतःला अमाझिग म्हणवतो. बर्बर हे नाव बाहेरच्यांनी ठेवलेलं, म्हणून ते त्याला फारसं आवडत नाही. आमच्या तीन वर्षांच्या ओळखीत ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"माझ्या आईकडे ॲरिझोनात अकरा झाडं आहेत," तो म्हणाला.

"आणि शेळ्या?"

"एक आहे."

"चढते?"

"माझ्या आईसमोर कोणी कशावर चढत नाही."

मग त्याने खरी गोष्ट सांगितली. टूसॉनच्या पश्चिमेला वॉल्ट नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे ब्राहिमचे वडील कामाला होते. वॉल्टने त्यांना शेताचा एक नापीक कोपरा वापरायला दिला होता. बारा वर्षांपूर्वी त्यांनी तिथे अर्गनच्या बिया लावल्या. बिया गावाहून रीतसर कागदपत्रं करून आणलेल्या; माझी आई कैरीचं लोणचं आणते तशा नव्हेत. झाडं वाढली, फळं धरायच्या आत वडील वारले. यंदा पहिल्यांदाच झाडं भरून आली होती, आणि यंदाच वॉल्टला त्या कोपऱ्यात पेकान, म्हणजे अक्रोडाच्या जातीची झाडं, लावायची होती. त्याने ब्राहिमच्या आईला सांगितलं होतं, "चार जुलैला येतो. या काट्यांमधून एक बाटली भरून तेल निघालं तर झाडं राहतील. नाहीतर मशीन लावतो."

"एका बाटलीला पोत्यांनी फळं लागतात," ब्राहिम म्हणाला. "बी फोडायला माणसं हवीत. तू ये. शर्वरीलाही आण. जेवण आईचं."

मी ताबडतोब हो म्हटलं. झाडावर चढलेल्या शेळीचा फोटो डोक्यात होता, हे कशाला लपवू?

शनिवार

टेक्ससच्या पश्चिम भागाबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ असेल. मला काही दिसलं नाही. तिथे क्षितिज आहे आणि ते सगळीकडे आहे. शर्वरीने, म्हणजे माझ्या बायकोने, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घेतली होती. नऊ वर्षांची रेवा मागच्या सीटवर दर तासाला "आर वी स्टिल इन टेक्सस?" विचारत होती आणि दर तासाला उत्तर होकारार्थी होतं. मी रस्त्याचे छापील कागद घेतले होते. त्यातला शेवटचा कागद घरी प्रिंटरमध्येच राहिला. "मला आठवतंय," असं मी म्हणालो. त्या वाक्याचा हिशेब दीड तास आणि एक कापसाचं शेत. तिथल्या माणसाने आम्हाला थंड पाणी दिलं आणि हात करून आम्ही आलो तीच दिशा दाखवली.

शुक्रवारी निघालेलो, शनिवारी संध्याकाळी पोचलो. दार उघडून बाहेर पाऊल टाकलं तर हवा तव्यावरून उठल्यासारखी अंगावर आली. लांब टेकडीवर हात वर केलेले सग्वारो निवडुंग उभे. अलीकडे पत्र्याचं छप्पर असलेलं बैठं घर, छपरावर पसरलेली तपकिरी फळं आणि दारात ब्राहिमची आई, फाद्मा. उंची माझ्या खांद्याइतकी, डोक्याला रुमाल, रुमालावर कुठल्याशा बियाणं कंपनीची टोपी. आपल्याकडे वयाने मोठी बाई भेटली की तिला एक नातं चिकटवल्याशिवाय आपल्याला बोलताच येत नाही, म्हणून मी तिला लगेच फाद्मामावशी करून टाकलं. ब्राहिमने अर्थ सांगितला. ती म्हणाली, "बघू."

शेळी होती. घराच्या मागे, खुंटीला बांधलेली. मी कॅमेरा काढला.

"ही झाडावर कधी चढते?"

"ऑगस्टमध्ये," ब्राहिम म्हणाला. "आत्ता दोन महिने बांधलेली असते. आता बंदी आहे ना."

अकरा झाडं घरापलीकडे दोन ओळींत होती. बाभळीचे काटे, जुन्या बोरीसारखं पिळवटलेलं खोड आणि ऑलिव्हसारखी बारीक पानं. फळ मोठ्या बोराएवढं. आधी हिरवं, मग पिवळं, मग झाडावरच सुरकुतून तपकिरी. पाणी जवळजवळ लागत नाही. आमच्या फ्रिस्कोच्या कॉलनीत गवत जरा पिवळं पडलं की घरमालक संघटनेचं पत्र येतं आणि पाऊस पडत असतानाही आमचे फवारे इमानाने चालू असतात. अशा माणसाला हे झाड बघून थोडी लाज वाटायला हवी. मला भूक लागली होती.

जेवायला गोल, जाड, गरम रोटी होती. सोबत एका वाटीत दाट, तपकिरी काहीतरी. त्याचं नाव अमलू. भाजलेले बदाम, मध आणि अर्गनचं तेल एकत्र वाटलेलं. गेल्या वर्षी गावाहून आलेल्या तेलातलं शेवटचं. रोटीचा तुकडा मोडायचा आणि बुडवायचा. शर्वरीने आपली चटणी पुढे केली. मावशीने तिच्यावर अर्गनचे चार थेंब सोडले, धपाट्याला लावून खाल्ली, आणि दोघी बायकांनी एकमेकींकडे असं पाहिलं की आम्ही पुरुष उठून गेलो असतो तरी त्यांना कळलं नसतं.

पुदिन्याचा चहा उंचावरून पेल्यात पडत असताना ब्राहिम तेल, झाडं, गावातले नियम असं बरंच काही सांगत होता. मी मान डोलावत होतो. लक्ष वाटीत होतं.

रविवार

सकाळी लवकर जाग आली. सगळ्यांच्या आधी उठलो होतो, त्यामुळे मनात एक प्रकारचं श्रेष्ठत्व होतं. अशा मनःस्थितीत मी नेहमी काहीतरी करतो. रेवाला घेऊन झाडांकडे गेलो.

दहा झाडांखालची फळं वेचून झालेली होती. अकरावं, सगळ्यात थोरलं झाड मात्र अजून भरलेलं. त्याच्या खालच्या फांदीला तांबड्या कापडाची चिंधी बांधलेली. मी लगेच ओळखलं. नवसाचं झाड. आपल्याकडे देवळाबाहेर असतात तसं. मी चप्पल काढली, हात जोडले आणि रेवालाही जोडायला लावले.

"बाबा, व्हाय इज देअर अ क्लॉथ?"

"विश, बेटा. कोणीतरी देवाकडे काहीतरी मागितलंय."

"आय थिंक इट सेज डोन्ट."

नमस्कार करून झाल्यावर मी शेडला टेकवलेला बांबू उचलला.

आता माझ्या बाजूनेही थोडं ऐका. आमच्या गावात चिंच झोडपतात, बोर झोडपतात, आवळा हलवतात आणि आंब्याला दगड मारतात. झाडाखाली उभं राहून फळ आपणहून पडायची वाट बघणारा मुलगा आमच्याकडे शाळेतही हुशार मानला जात नसे. मावशीचे हात थोडे, दिवस दोनच आणि फळं वर लटकलेली. माझा हेतू इतका शुद्ध होता की आजही त्याची आठवण आली की मला शरम वाटते. मी चांगले तीस-चाळीस तडाखे दिले. काट्यांनी हात ओरबाडले, तेही मी सेवाभावाने सोसलं. पिवळी पडली, हिरवी पडली, चार-दोन डहाळ्याही आल्या. बादली शिगोशीग भरली. रेवा दूर जाऊन शेळीशेजारी उभी राहिली. दोघींचा चेहरा सारखा होता.

बादली घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. मावशी कणीक मळत होती.

"सरप्राइज," मी म्हणालो.

तिने बादलीत पाहिलं. हात पुसले आणि बाहेर गेली. मी मागोमाग, आणि ही गोष्ट मी मंडळात सांगितलेली नाही, कॅमेरा घेऊन. तिने झाडाखालची एक मोडलेली डहाळी उचलली, तिच्या टोकाचे बारीक हिरवे ठिपके मला दाखवले आणि आपल्या भाषेत एकच वाक्य बोलली. तोवर ब्राहिम आला होता, अर्धवट दाढी केलेला.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"तुमच्या देशात झाडं आहेत का, असं विचारते."

मग त्याने काल रात्री जेवताना सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं. फळ पिकायच्या दोन महिन्यांत त्यांच्याकडे रान बंद असतं. त्याला अग्दाल म्हणतात. गावात दवंडी पिटतात. मग कोणी आत जनावर नेत नाही, फांदी तोडत नाही, फळाला हात लावत नाही. फळ सुकून आपोआप पडलं तरच वेचायचं. झोडपायचं तर अजिबात नाही, कारण हिरव्या फळात तेल नसतं आणि काठीने पुढच्या वर्षीचे कळे मोडतात.

"इथे दवंडी ऐकायला कोण आहे?" ब्राहिम म्हणाला. "म्हणून आई झाडाला कापड बांधते. रोज सकाळी या झाडाची मूठ-दोन मूठ फळं पडायची. ती दिवसभर पत्र्यावर तापवायची आणि संध्याकाळी फोडायची. बाटली पुरी व्हायला तेवढीच बाकी होती."

इथे एक कबुली द्यायला हवी. आमच्या गावच्या शाळेच्या भिंतीवर हातभर अक्षरांत "चराईबंदी, कुऱ्हाडबंदी" लिहिलेलं होतं. गावाने टेकडी राखली होती आणि त्यावरच्या निबंधाला चौथीत मला पहिलं बक्षीस मिळालं होतं. कंपासपेटी. ती अजून आईकडे आहे.

दिवसभर मला बिया फोडायला बसवलं. आधी वाळलेली साल काढायची, ती शेळीला. आतली बी दगडासारखी. ती सपाट दगडावर उभी धरायची आणि गोल दगडाने तिच्या शिवणीवर नेमका एक घाव घालायचा. मावशीचा हात चालला की टक-टक-टक असा आवाज आणि दाणा बाजूला, न मोडलेला. माझा आवाज निराळा होता. पहिल्या तासात मी सतरा बिया फोडल्या, दोन हरवल्या आणि डाव्या अंगठ्याचं नख निळं केलं. मावशीने अंगठा पाहिला, तेलाचा एक थेंब लावला आणि मला साल सोलायच्या कामावर उतरवलं. तिथे आधीच रेवा होती आणि ती माझ्या दुप्पट वेगाने काम करत होती.

शर्वरीचं मात्र वेगळंच चाललं होतं. ती सावंतवाडीची. तिच्या माहेरी कोकमाच्या बिया फोडून, कुटून, उकळून मुठेल काढतात. मुठीत दाबून गोळे करतात म्हणून ते नाव. भाजलेले अर्गनचे दाणे दगडी जात्यात पडले आणि दाट लगदा बाहेर यायला लागला तसं तिने मावशीला खुणेने बाजूला सरकवलं आणि खुंटा हातात घेतला. मावशी सरकली. मी दोन दिवसांत त्या बाईला कोणासाठी सरकताना पाहिलं नव्हतं.

मग तो लगदा परातीत घेऊन कोमट पाण्याचे हबके मारत मळायचा. तास गेला तरी काहीच होत नाही. माझ्यासारखा माणूस तिथे कंटाळून काहीतरी सुधारणा सुचवतो. मी तोंड उघडलं होतं, शर्वरी म्हणाली, "मिलिंद, तू फक्त बघ." आणि मग एकदम लगदा आवळून येतो, बोटांच्या फटींतून सोनेरी तेल सुटतं. वास भाजलेल्या शेंगदाण्याचा आणि तिळाचा, पण दोन्हींपेक्षा खोल. मावशीने शर्वरीची मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून दाबली. आणखी तेल आलं.

सोमवार

सकाळी मावशी थोरल्या झाडाखाली गेली. मीही गेलो, लांबून. जमिनीवर एकही फळ नव्हतं. असणार कुठून? सगळी बादलीत होती, हिरवीगार. ती थोडा वेळ उभी राहिली आणि रिकामं सूप घेऊन परत आली. मला काही बोलली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी शेवटचा लगदा मळून झाला. सगळं तेल बाटलीत ओतलं. बाटली मानेखाली दोन बोटं रिकामी राहिली.

तेव्हा माझ्यातला आशावादी पुन्हा जागा झाला. ओट्यावर सूर्यफुलाच्या तेलाचा कॅन होता. मी ब्राहिमला बाजूला घेतलं.

"यार, दोन बोटं तर आहेत. वॉल्टला काय कळणार? आमच्याकडे दूधवाले पिढ्यान्‌पिढ्या हे करत आलेत. कोणी मेलेलं नाही."

मी हे त्याच्या कानात बोललो होतो. ब्राहिम टेस्टर माणूस. सापडलेला दोष तो जागच्या जागी कळवतो. त्याने आईला शब्दन्‌शब्द भाषांतर करून सांगितलं, दूधवाल्यांसकट. मावशीने बाटलीला बूच लावलं, स्टूल ओढलं आणि बाटली सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. मग स्टूल स्वतःच्या खोलीत नेलं.

मंगळवार, चार जुलै

वॉल्ट नऊ वाजता आला. जुना पिकअप ट्रक, टोपीला खोचलेला छोटा झेंडा, गुडघ्यांत वाकलेला उंच म्हातारा. त्याने सगळ्यांशी हात मिळवला. माझा निळा अंगठा डाव्या हाताचा होता, तरी तो पाहून त्याने माझा उजवा हातही जपूनच दाबला.

मावशीने टेबलावर बाटली ठेवली. शेजारी रोटी आणि ताजं अमलू. मला आशा होती की ती आधी खायला घालेल. पोट भरलं की माणूस बाटलीची मान बघत नाही. पण तिने बाटलीच पुढे केली.

वॉल्टने ती उन्हात धरली. "कमी आहे, फाद्मा."

"टू फिंगर्स," मावशी म्हणाली. इंग्रजी तिला हवं तेव्हा व्यवस्थित येत होतं. मग तिने आपली दोन बोटं बाटलीवरून उचलली आणि माझ्याकडे रोखली. "हिम."

वॉल्टने ब्राहिमकडे पाहिलं. ब्राहिमने चिंधी, नमस्कार, बांबू, बादली असं सगळं क्रमवार सांगितलं. चप्पल काढलेली रेवाने आठवण करून दिली. ब्राहिमने तीही घातली. वॉल्ट ऐकून घेत होता आणि बरोबर रोटी खात होता. ऐकता ऐकता वाटी अर्धी झाली. मग तो उठून थोरल्या झाडाकडे गेला, मोडलेल्या फांद्या पाहिल्या, खोडावर तळहात ठेवला. ते झाड ब्राहिमच्या वडिलांनी सगळ्यात आधी लावलेलं. वॉल्टला ते माहीत होतं. खड्डा खणायला तो स्वतः हजर होता. हे आम्हाला नंतर ब्राहिमने सांगितलं.

तो परत आला तेव्हा मी माफी मागायला उभा राहिलो. इंग्रजीत दोन वाक्यं पाठ करून ठेवली होती. त्याने हाताने मला खाली बसवलं.

"मी म्हणालो होतो झाडांनी बाटली भरायला हवी," तो मावशीला म्हणाला. "झाडांनी भरली होती. ह्याने सांडली." त्याने आणखी एक तुकडा मोडला. "पेकान ओढ्यापलीकडे लावतो. पुढच्या वर्षी मला या वाटीतलं डबाभर पाहिजे."

मावशीने डोक्यावरची टोपी काढली, रुमाल सारखा केला आणि टोपी परत घातली. त्यात बराच वेळ गेला. मग ती चहा करायला आत गेली.

दुपारी आम्ही निघालो. मावशीने शर्वरीच्या हातात तेलाची एक छोटी कुपी ठेवली आणि तिच्या मुठीवर आपली मूठ दाबली. रेवाला शेळीच्या गळ्यातली घंटा दिली. मी गाडीत सामान भरत होतो. मला वाटलं, आता माझी पाळी, म्हणून दोन्ही हात मोकळे करून पुढे गेलो आणि वाकून नमस्कार केला. तिने आशीर्वाद दिल्यासारखं काहीतरी म्हटलं. बरंच लांबलचक होतं. मला भरून आलं.

"काय म्हणाली?" मी ब्राहिमला विचारलं.

"म्हणाली, पुढच्या वर्षी येणार असशील तर आधी फोन कर. शेळीच्या शेजारी आणखी एक खुंटी ठोकून ठेवते."